ताईची गाठ, एकवीस जनुकं आणि केमोचा प्रश्न

रानजाई | ९ मे, रात्री १०:१५

डिसेंबरात माझ्या ताईच्या हाताला उजव्या स्तनात गाठ लागली. वय ५४, पाळी जाऊन तीन वर्षं झालेली. तासगावहून सांगली, सांगलीहून पुणे असं करत जानेवारीच्या अखेरीस ऑपरेशन झालं. गाठ २.३ सेंटिमीटर, ग्रेड दोन, काखेतून काढलेल्या चारही लसिका ग्रंथी स्वच्छ, ईआर-पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचं ऐकणारी गाठ), हर-टू (गाठ वाढवणारं एक प्रथिन) निगेटिव्ह, की-६७ (किती पेशी दुभंगताहेत त्याचं माप) वीस टक्के.

डॉक्टरांनी रिपोर्ट पुढ्यात ठेवून सांगितलं, "हार्मोनची गोळी पाच वर्षं घ्यावीच लागेल. केमोचं मात्र या कागदावरून मला ठाम सांगता येत नाही. दहा वर्षांपूर्वी मी देऊन मोकळा झालो असतो. आता गाठीची एक जनुकीय तपासणी होते, ती करून मग ठरवू या का?" खर्च अडीच लाखांच्या वर.

परतीच्या वाटेवर भावोजी गप्प होते. ताईने कराड यायच्या आधी एकदाच तोंड उघडलं. "जनुकीय म्हणजे आपल्या घराण्यात आहे का ते कळणार ना? मग आपल्या पोरीच्या लग्नाचं काय?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. पुढचे काही आठवडे मिळेल ते वाचलं, दोन डॉक्टरांना पुन्हा पुन्हा प्रश्न विचारून भंडावलं. जे कळलं ते इथे लिहिते आहे, कारण ताईच्या वॉर्डात तिच्यासारखाच रिपोर्ट असलेल्या आणखी दोघी होत्या आणि त्यांना असं काही असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आधी ताईच्या प्रश्नाचं उत्तर. आईवडिलांकडून आलेला दोष शोधायची तपासणी वेगळी. ती रक्तातून किंवा लाळेतून होते आणि तिच्यात बीआरसीए-१, बीआरसीए-२ अशी जनुकं पाहतात. तिचा संबंध मुलीशी, बहिणीशी, माझ्याशीही येतो. डॉक्टर सांगत होते ती तपासणी काढलेल्या गाठीची होती. गाठीच्या पेशींमध्ये या घडीला कोणतं जनुक किती काम करतं आहे, एवढंच त्यात मोजतात. मुलीविषयी त्यातून काहीही कळत नाही. हे मी फोनवर सांगितलं तेव्हा ताई बराच वेळ बोलली नाही, आणि मग म्हणाली, "मग करू या."

'जनुकांची अभिव्यक्ती' हा शब्द मला फार दिवस समजत नव्हता. शेवटी मनाशी असं जुळवलं: पोथी घरोघरी एकच असते, पण कोणत्या घरात कोणता अध्याय किती वेळा वाचला जातो त्यावरून त्या घरात काय चाललंय ते कळतं. शरीरातल्या बहुतेक पेशींकडे जनुकांची पोथी तीच. एखादं जनुक वाचलं गेलं की त्याची आरएनए नावाची नक्कल तयार होते. त्या नकला मोजल्या की कोणता अध्याय घोकला जातोय ते समजतं. आणि मोजायची पद्धत आपण सगळ्यांनी करोनात नाकात काडी घालून अनुभवलेली आहे, आरटी-पीसीआर. तिथे विषाणूचा आरएनए शोधत होते, इथे गाठीचा.

ताईची तपासणी 'ऑन्कोटाइप डीएक्स' नावाची होती, कॅलिफोर्नियातल्या जीनोमिक हेल्थ या कंपनीने बनवलेली. तिच्यात २१ जनुकं मोजतात. १६ कॅन्सरशी संबंधित आणि ५ नुसती तुलनेसाठी, म्हणजे तराजूतल्या वजनांसारखी. सोळांपैकी काही पेशी किती वेगाने दुभंगताहेत ते सांगतात, काही इस्ट्रोजेनला गाठ किती ऐकते ते सांगतात, काही हर-टूची, काही आजूबाजूला घुसण्याची. दुभंगण्याच्या जनुकांनी आकडा वर जातो, इस्ट्रोजेनच्या जनुकांनी खाली येतो. शेवटी ० ते १०० मधला एक आकडा मिळतो.

हा आकडा आला कुठून, हे वाचताना मी थांबले. १९८२ ते १९८८ या काळात अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली होती, बी-१४ नावाची. काखेत न पसरलेल्या, इस्ट्रोजेन-पॉझिटिव्ह कॅन्सरच्या बायकांना टॅमॉक्सिफेन या हार्मोनच्या गोळीचा उपयोग होतो का, एवढं पाहण्यासाठी. त्यांच्या गाठींचे मेणाचे ठोकळे जपून ठेवलेले होते. पुढे त्यातले ६६८ ठोकळे उघडून सूनम्युंग पैक आणि सहकाऱ्यांनी ही २१ जनुकं मोजली आणि डिसेंबर २००४ मध्ये निकाल छापला. कमी आकड्याच्या बायकांमध्ये दहा वर्षांत कॅन्सर दूर कुठेतरी उद्भवण्याचं प्रमाण ६.८ टक्के, जास्त आकड्याच्या बायकांमध्ये ३०.५ टक्के. सगळ्याजणींना गोळी तीच दिलेली. सूक्ष्मदर्शकाखाली एकसारख्या दिसणाऱ्या गाठींमध्ये एवढा फरक दडलेला होता.

पण हे झालं 'पुढे काय होईल' याचं उत्तर. ताईचा प्रश्न 'केमोने फरक पडेल का' हा होता, आणि हे दोन प्रश्न वेगळे आहेत. हे लक्षात यायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. एखादी गाठ वाईट असू शकते आणि तरी केमोने तिच्यात फरक पडत नसू शकतो. त्याचं उत्तर चिठ्ठी टाकून दोन गट केल्याशिवाय मिळत नाही.

ते काम टेलरएक्स या चाचणीने केलं. दहा हजारांहून अधिक स्त्रिया, सगळ्यांची काख स्वच्छ, इस्ट्रोजेन-पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. त्यातल्या ६,७११ जणींचा आकडा ११ ते २५ मध्ये आला. जोसेफ स्पारानो आणि सहकाऱ्यांनी निम्म्यांना नुसती हार्मोनची गोळी दिली, निम्म्यांना गोळी आणि केमो. जून २०१८ मध्ये निकाल आला. नऊ वर्षांनंतर दूरवर कॅन्सर न पसरलेल्या बायका नुसत्या गोळीवर ९४.५ टक्के, केमोसह ९५ टक्के. केस गेले, उलट्या झाल्या, हातापायाला मुंग्या राहिल्या, आणि फरक जवळपास शून्य.

आमचा आकडा आला १३. ताई आता लेट्रोझोल या हार्मोनच्या गोळीवर आहे. सांधे दुखतात म्हणते, पण शाळेत परत रुजू झाली आहे. ज्यांना विचारायचं आहे त्यांनी विचारा, मला येईल तेवढं सांगेन. डॉक्टर मंडळींनी चुका दुरुस्त कराव्यात.

पेशीवाचक | ९ मे, रात्री ११:५०

रानजाई, मनापासून आभार. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, कोल्हापूर भागात काम करतो. चूक काही नाही. फक्त एक गोष्ट जोडतो, जिच्यावर तुमचं सगळं उभं आहे आणि जिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं: तो मेणाचा ठोकळा. आम्ही त्याला ब्लॉक म्हणतो.

गाठ शरीरातून बाहेर आली की तिच्यातला आरएनए तुटायला लागतो. म्हणून ती तासाभराच्या आत फॉर्मलिनमध्ये, म्हणजे गाठ टिकवणाऱ्या द्रावणात, पडली पाहिजे. फॉर्मलिन दहा टक्क्यांचं, बफर केलेलं, आणि गाठीच्या आकाराच्या दहापट तरी. स्तन आख्खा तसाच डब्यात टाकला तर फॉर्मलिन आत पोहोचतच नाही, वरून छेद द्यावा लागतो. सहा तासांपेक्षा कमी किंवा बहात्तर तासांपेक्षा जास्त ठेवलं तर ईआर, हर-टूच्या तपासण्यासुद्धा बिघडतात. तालुक्याच्या गावी शनिवारी दुपारी ऑपरेशन होतं, गाठ सलाईनमध्ये किंवा थोड्याशा फॉर्मलिनमध्ये तशीच पडून राहते, सोमवारी बसने आमच्याकडे येते. अशा ब्लॉकवर पुढे कितीही महागडी तपासणी केली तरी उपयोग काय? नातेवाईकांनी ऑपरेशनच्या आधी सर्जनना एवढं विचारावं, "काढल्यावर लगेच फॉर्मलिनमध्ये जाईल ना?" कुणी रागावणार नाही. रागावलं तरी विचारा.

दुसरं, ब्लॉक निवडताना. सुईची बायोप्सी आधी झालेली असते, तिथे जखम भरत असते आणि त्या जखमेतल्या पेशीही दुभंगत असतात. तो भाग तपासणीला गेला तर आकडा खोटाच वर चढतो. ब्लॉक निवडायचं काम पॅथॉलॉजिस्टचं आहे, कुरिअरवाल्याचं नाही.

मुळामुठा | १० मे, सकाळी ७:३०

रानजाईताई, तुमच्या ताईंचं वाचून बरं वाटलं. आमची गोष्ट थोडी वेगळी वळली, म्हणून लिहितो.

माझी बायको ४१ वर्षांची. गाठ १.८ सेंटिमीटर, काख स्वच्छ. आम्हीही ही तपासणी केली. दोन आठवडे मोबाइलच्या प्रत्येक आवाजाला दचकत होतो. आकडा २२. मी तुमच्यासारखंच टेलरएक्स वाचलेलं, पंचवीसच्या आत म्हणजे केमो नको, असं म्हणून मी तर तिला पेढा भरवला.

डॉक्टरांकडे गेलो तर ते म्हणाले, थांबा. पन्नाशीच्या आतल्या बायकांचं वेगळं निघालं त्यात. १६ ते २० आकड्यात केमोचा थोडा फायदा दिसला, शंभरात साधारण दोन जणींना. २१ ते २५ मध्ये सहाच्या आसपास. पुढे त्यांनी जे सांगितलं ते ऐकून डोकं सुन्न झालं: या वयात केमोने अंडाशय बंद पडतं, पाळी थांबते. फायदा केमोच्या विषाचा आहे की पाळी थांबल्याचा, हे त्या चाचणीतून वेगळं काढता येत नाही. इंजेक्शनने अंडाशय बंद करूनही तेवढंच मिळेल असं मानणारे डॉक्टर आहेत आणि न मानणारेही.

आम्ही चार दिवस झोपलो नाही. आकडा आला की सुटका होईल असं धरून चाललो होतो. शेवटी तिनेच ठरवलं, "मुलगा आठ वर्षांचा आहे. मला नंतर 'घेतली असती तर' म्हणायचं नाही." केमो घेतली, चार डोस, मग इंजेक्शन आणि गोळी. आज तिची तब्येत चांगली आहे. निर्णय बरोबर होता का, मला माहीत नाही, आणि मी आता तो प्रश्न घरात काढत नाही.

रानजाई | १० मे, सकाळी ९:०५

दादा, हे लिहिल्याबद्दल खूप आभार. मी वयाचा मुद्दा माझ्या लिखाणात सोडून दिला होता, कारण ताईला तो लागू नव्हता. तीच माझी चूक. धागा वाचणाऱ्या तरुण मुलींनी वरचा प्रतिसाद आधी वाचावा, माझा नंतर. वहिनींना नमस्कार सांगा.

विदागार | १० मे, दुपारी १:२०

मी संख्याशास्त्राचा माणूस, वैद्यकातला नाही. पण या विषयाचा विदा (डेटा) वर्गात शिकवायला वापरतो, म्हणून एक बाजू मांडतो.

२००० साली स्टॅनफर्डच्या गटाने चार्ल्स पेरू यांच्या शोधनिबंधात ४२ जणांच्या गाठींमधली हजारो जनुकं एकदम मोजली आणि दाखवलं की ब्रेस्ट कॅन्सर हा एक आजार नाहीच. ल्युमिनल, बेसल, हर-टू असे त्याचे गट जनुकांच्या वागण्यावरूनच वेगळे पडतात. २००२ मध्ये अॅमस्टरडॅमच्या नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटमधून लॉरा फान्ट फेर यांच्या गटाने ७० जनुकांची यादी दिली. तीच पुढे मामाप्रिंट नावाची तपासणी झाली. २००५ मध्ये आणखी एका गटाने ७६ जनुकांची यादी काढली. हेतू एकच, पुन्हा कोणाला उद्भवेल ते ओळखणं. दोन्ही याद्यांत सामाईक जनुकं किती? तीन.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, दोघांपैकी एक यादी चुकीची असणार. पण २००६ मध्ये अॅमस्टरडॅमच्याच २९५ रुग्णांवर पाच वेगवेगळ्या याद्या लावून पाहिल्या, तर त्यातल्या चार जवळजवळ त्याच बायकांना धोक्याच्या गटात टाकत होत्या. याद्या वेगळ्या, उत्तर एक.

मग २०११ मध्ये बेल्जियमच्या व्हेने, ड्युमाँ आणि देतूर यांनी जे केलं ते मी दरवर्षी विद्यार्थ्यांना सांगतो. त्यांनी कॅन्सरशी काहीही संबंध नसलेल्या जनुकांच्या याद्या घेतल्या. जेवणानंतर हसण्याचा परिणाम मोजणाऱ्या प्रयोगातली यादी, उंदरांच्या भांडणात हरलेल्या उंदराच्या मेंदूतली यादी. त्याही ब्रेस्ट कॅन्सरमध्ये कोण वाचेल हे सांगत होत्या! त्याच्यापुढे जाऊन संगणकाकडून जनुकं चिठ्ठ्या टाकून निवडली. शंभराहून जास्त जनुकांच्या अशा बहुतेक याद्याही 'लक्षणीय' ठरल्या. छापून आलेल्या ४७ याद्यांपैकी बऱ्याचशा या आंधळ्या याद्यांपेक्षा सरस नव्हत्या.

कारण एकच. पेशी किती वेगाने दुभंगते ही एक लाट आहे आणि जनुकांपैकी फार मोठा भाग त्या लाटेबरोबर वरखाली होतो. शंभरेक जनुकं कुठूनही उचला, लाट बहुतेक वेळा हाताला लागतेच.

यावर विद्यार्थी विचारतात, मग २१ जनुकांना लाखो रुपये कशाला द्यायचे? माझं उत्तर असं: यादीला पैसे नाहीत. तिच्या आकड्यावर हजारो बायकांनी चिठ्ठीने उपचार स्वीकारले आणि नऊ वर्षं तपासायला येत राहिल्या, त्या पुराव्याला किंमत आहे. संगणकाने निवडलेल्या यादीवर विसंबून कुणा बाईची केमो टाळायची हिंमत कोण करेल? उद्या कोणी नव्या यादीची जाहिरात घेऊन आलं, तर एवढंच विचारा: हिच्या भरवशावर केमो न घेतलेल्या बायकांचं पुढे काय झालं, ते मोजलंय का?

आजोळ | १० मे, संध्याकाळी ६:४५

विदागार यांचा शेवटचा प्रश्न आम्ही वेळेत विचारला असता तर बरं झालं असतं. माझ्या आत्याला ट्रिपल निगेटिव्ह कॅन्सर झाला, म्हणजे ईआर, पीआर, हर-टू तिन्ही नाहीत. एका प्रयोगशाळेच्या प्रतिनिधीने भावाला गाठून सांगितलं, जनुकीय तपासणी केल्यावर केमो वाचू शकते. नाव लिहीत नाही. आत्याला केमोची इतकी धास्ती होती की भावाने सोनं मोडून पैसे भरायची तयारी केली. ऑन्कोलॉजिस्टना कळलं तेव्हा त्यांनी थांबवलं. पण तोवर तीन आठवडे गेले होते आणि आत्याच्या मनात 'माझी केमो टळणार होती' हे जे बसलं ते शेवटपर्यंत निघालं नाही. पहिल्या डोसला ती रडतच गेली.

पेशीवाचक | १० मे, रात्री ९:३०

आजोळ, वाचून फार वाईट वाटलं. तुमच्यासाठी नाही, पुढे येणाऱ्यांसाठी स्पष्ट लिहितो. हार्मोन-पॉझिटिव्ह आणि हर-टू निगेटिव्ह, सुरुवातीच्या टप्प्यातला कॅन्सर, एवढ्यांसाठीच या तपासण्या आहेत. ट्रिपल निगेटिव्हमध्ये त्यांना जागा नाही. तिथे दुभंगण्याची जनुकं वर आणि इस्ट्रोजेनची खाली, म्हणजे आकडा जवळपास नेहमी मोठाच येणार. हर-टू पॉझिटिव्हचे उपचार हर-टूच्या औषधांभोवती ठरतात. आणि आपल्याकडे ट्रिपल निगेटिव्हचं प्रमाण युरोप-अमेरिकेपेक्षा जास्त आहे, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगायला हवं.

सातासमुद्र | ११ मे, पहाटे २:१०

मी इंग्लंडात लीड्सला असते. माझी ही तपासणी २०१९ मध्ये झाली. इथे नाइस या सरकारी संस्थेने २०१३ मध्ये ऑन्कोटाइपला मान्यता दिली, २०१८ मध्ये एन्डोप्रेडिक्ट आणि प्रोसिग्ना या अशाच आणखी दोन तपासण्यांचीही भर घातली. मला एक पेनीही द्यावी लागली नाही. नर्सने फक्त सांगितलं, "निकाल आला की फोन करेन."

रानजाईताईंच्या भावोजींचं गाडीतलं गप्प बसणं वाचलं आणि रडू आलं. माझी आई साताऱ्यात असती आणि हेच तिला झालं असतं तर आम्ही काय केलं असतं? केमोचा खर्च सरकारी योजनेतून भागतो, पण केमो नको हे सांगणाऱ्या तपासणीचे पैसे घरातून काढायचे, हे मला फार उलटं वाटतं.

हडसनकाठ | ११ मे, सकाळी ८:००

न्यू जर्सीहून. टेलरएक्सचा थोडा पैसा टपाल तिकिटांतून आला होता, हे बऱ्याच जणांना माहीत नसेल. अमेरिकेच्या टपाल खात्याने १९९८ मध्ये ब्रेस्ट कॅन्सर संशोधनासाठी थोडं जास्त किमतीचं तिकीट काढलं. मी इथे आल्यावर पहिल्या वर्षी गावी पाठवलेल्या पत्रांवर तीच लावायचे. सासूबाईंनी ती पाकिटं ठेवली आहेत.

एक गंभीर गोष्ट. टेलरएक्समधल्या कृष्णवर्णीय बायकांचे आकडे गोऱ्या बायकांसारखेच आले, उपचार तेच मिळाले, तरी त्यांचं पुढचं आयुष्य जास्त खडतर निघालं. म्हणजे हा आकडा सगळ्यांसाठी सारखंच बोलतो असं धरून चालता येत नाही. भारतीय बायकांवर एवढी मोठी चाचणी झालेलीच नाही. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार नव्या बायकांना हा आजार होतो. एवढ्यांसाठी आपण दुसऱ्यांच्या मोजपट्टीवर किती काळ चालणार?

पेशीवाचक | ११ मे, सकाळी १०:४०

हडसनकाठ, प्रश्न रास्त आहे. प्रयत्न सुरू आहेत. बेंगळुरूच्या ऑन्कोस्टेम कंपनीने, डॉ. मंजिरी बाकरे यांच्या पुढाकाराने, कॅनअसिस्ट-ब्रेस्ट नावाची तपासणी आणली. ती जनुकं मोजत नाही. गाठीतली पाच प्रथिनं रंगवून पाहते, त्यात गाठीचा आकार, ग्रेड आणि काखेची स्थिती मिळवून संगणक जोखीम सांगतो. भारतीय रुग्णांवर पडताळलेली आणि अमेरिकन तपासणीपेक्षा स्वस्त. पण विदागारांचा प्रश्न तिलाही विचारला पाहिजे: चिठ्ठीने केमो देऊन आणि न देऊन केलेली टेलरएक्ससारखी चाचणी तिच्यामागे नाही. हे माहीत असताना कुणी ती निवडली, तर मी चूक म्हणणार नाही.

ज्यांना काहीच परवडत नाही त्यांनी हताश होऊ नये. केंब्रिजचं 'प्रेडिक्ट' हे साधन इंटरनेटवर फुकट आहे, डॉक्टरांसमोर बसून भरता येतं. पिट्सबर्गच्या पॅथॉलॉजिस्टांनी काढलेली 'मॅगी' समीकरणंही फुकट आहेत. आमच्या साध्या रिपोर्टमधल्या ईआर, पीआर, हर-टू, की-६७, ग्रेड आणि आकारावरून ती ऑन्कोटाइपच्या आकड्याचा अंदाज बांधतात. अंदाज फारच खाली किंवा फारच वर आला तर महाग तपासणीने निर्णय बदलण्याची शक्यता कमी. मधे आला तर पैसे जमवण्यात अर्थ आहे. मात्र त्यासाठी रिपोर्टवर नुसतं 'ईआर पॉझिटिव्ह' लिहून भागत नाही. किती टक्के पेशी, किती गडद, हे लिहिलेलं हवं. नसेल तर आमच्याकडे या आणि मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

शेवंती | ११ मे, दुपारी ३:२५

मी इथे कधी लिहिलं नाही, फक्त वाचते. परभणीची आहे. माझ्या आईचं वय ६१, ऑपरेशन २२ एप्रिलला झालं. गाठ दोन सेंटिमीटर, ईआर-पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, पण काखेतल्या दोन ग्रंथींत निघालं. केमोची तारीख येत्या सोमवारची दिली आहे. आईला साखर आहे, हृदयाची एक अँजिओप्लास्टी झालेली आहे, आणि ती केमोला खूप घाबरते. काखेत असल्यावर ही तपासणी चालतच नाही ना? उशीर झाला का? काही चुकलं असेल तर माफ करा.

पेशीवाचक | ११ मे, दुपारी ४:००

शेवंती, माफी कसली मागतेस. आधी हे वाच.

काखेतल्या एक ते तीन ग्रंथींत असेल तरी ही तपासणी चालते. त्यासाठी रेक्सपाँडर नावाची वेगळी चाचणी झाली, पाच हजारांहून अधिक बायकांवर, आकडा २५ किंवा कमी असलेल्या. २०२१ मध्ये छापून आली. पाळी गेलेल्या बायकांमध्ये पाच वर्षांनी आजार न उलटलेल्यांचं प्रमाण केमोसह ९१.३ टक्के आणि नुसत्या हार्मोनच्या गोळीवर ९१.९ टक्के. म्हणजे काहीच फायदा नाही. पाळी चालू असलेल्यांमध्ये मात्र ८९ विरुद्ध ९३.९, तिथे केमोने खरंच फरक पडला. तुझी आई पहिल्या गटातली.

आकडा २६ किंवा वर आला तर केमो घ्यावी लागेल. तेव्हा मागे हटू नका, हृदयाच्या डॉक्टरांना बरोबर घेऊन औषधं निवडता येतात.

उशीर झालेला नाही. ऑपरेशननंतर सहा-आठ आठवड्यांत केमो सुरू झाली तरी चालतं, तुझे तर तीनच होत आहेत. केमो स्वतःहून चुकवू नकोस. सोमवारच्या आधी डॉक्टरांना भेट आणि सरळ विचार, "आईला रेक्सपाँडरचा निकाल लागू होतो का, गाठीची जनुकीय तपासणी करून मग ठरवता येईल का?" आईचं हृदय पाहता ते स्वतःही थांबायला तयार होतील असं मला वाटतं.

रानजाई | ११ मे, दुपारी ४:२०

शेवंती, मी तुला व्यक्तिगत निरोप पाठवते आहे, माझा फोन नंबर त्यात आहे. रात्री कधीही कर. ताईसुद्धा तुझ्या आईशी बोलेल म्हणते.

शेवंती | ११ मे, रात्री ९:१०

डॉक्टरांशी आत्ता फोनवर बोलले. ते म्हणाले, सोमवारची तारीख दोन आठवडे पुढे ढकलू, ब्लॉक आणा. आईला सांगितलं तर तिने देवापुढे दिवा लावला. मी म्हटलं, अजून काही ठरलं नाही. म्हणाली, विचारलंस ना, तेवढ्यासाठी लावला.

पेशीवाचक काका, ब्लॉक कुठे मिळतो? हॉस्पिटलमध्ये विचारलं तर त्यांना माहीत नव्हतं.

पेशीवाचक | ११ मे, रात्री ९:४०

बहुतेक वेळा तो हॉस्पिटलात नसतो. ज्या पॅथॉलॉजी लॅबचं नाव बायोप्सीच्या रिपोर्टवर छापलं आहे, तिथे असतो. रिपोर्टवरचा नंबर घेऊन जा. गाठीचे सहसा तीन-चार ब्लॉक असतात. तिथल्या पॅथॉलॉजिस्टना भेटून सांग की जनुकीय तपासणीला पाठवायचाय, सुईच्या बायोप्सीची जागा नसलेला आणि गाठीचा भरपूर भाग असलेला द्या. ते समजतील. ब्लॉकवर कोरलेला नंबर रिपोर्टशी जुळवून पाहा. सही करून पावती घे. ईआर-पीआरच्या रिपोर्टची प्रतही माग.

उद्या तुमच्याकडे ४२ अंश आहे. ब्लॉक म्हणजे मेण. बंद गाडीत किंवा स्कूटरच्या डिकीत उन्हात ठेवू नकोस. डबी छोट्या थर्मासात ठेव, आत बर्फ घालू नकोस, नुसता गार ठेवलेला थर्मास पुरतो. सकाळी लवकर जा.

शेवंती | ११ मे, रात्री ९:४८

बाबांचा चहाचा थर्मास धुऊन पालथा घातला आहे. लॅब नऊला उघडते, साडेआठला दारात असेन.